टायर किती डिझेल खातो? मालवाहतूकदारांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या मालवाहतूकदार संघटनांचे पदाधिकारी आणि माझ्यासारखे दोन-पाच गाड्यांवर संसार चालवणारे सगळे सहव्यावसायिक यांस,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचा लहानसा वाहतुकीचा व्यवसाय आहे. गाड्या पाच. इथल्या फाउंड्रीतली कास्टिंग चाकणला पोचवायची आणि परतीला स्क्रॅप नाहीतर पिग आयर्न भरून आणायचं, हे रोजचं काम. भाडी आणि दुरुस्ती माझे दीर बघतात. डिझेल, टायर आणि हप्त्यांची वही माझ्याकडे असते. बावीस वर्षं ती वही मी लिहिते आहे आणि आज जे सांगायचं आहे ते त्या वहीतूनच आलं आहे. पण आधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दोन दहाटायरी गाड्या जुळ्या बहिणींसारख्या आहेत. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या, एकाच रस्त्यावर जवळपास सारख्याच वजनानं पळणाऱ्या. दोघींचं ॲव्हरेज लिटरला ४.१ किलोमीटरच्या आसपास. त्यातल्या एकीचे टायर संपले, तेव्हा आम्ही नेहमीचे सोडून दुसऱ्या कंपनीचे दहा टायर चढवले. नगामागे दोन हजार रुपये कमी, वरचं रबर जाड, खाचा खोल. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हा टायर लवकर हटणार नाही." तो खोटं बोलला नव्हता, टायर झिजायला खरोखरच चिवट निघाला. पण पुढच्या महिन्यात मी वही मांडली तेव्हा त्या गाडीचं ॲव्हरेज ३.८ वर आलेलं होतं.

ती गाडी चालवायचे आमचे मामा. अकरा वर्षं आमच्याकडे आहेत, माझ्या मुलांना त्यांनी खांद्यावर खेळवलं आहे. पण आपल्या धंद्यात ॲव्हरेज पडलं की पहिला संशय कुणावर जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. आम्ही टाकीला नवीन कुलूप लावलं. पंपाच्या पावत्या दोनदा तपासल्या. एका संध्याकाळी मामा चाकणहून आले तेव्हा चार माणसांदेखत टाकीत पट्टी बुडवून डिझेल मोजलं. मामा एक शब्द बोलले नाहीत. गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, आठ खेपा मला ती दुसरी गाडी द्या, आणि माझी त्या गाडीवरच्या पोराला द्या."

आम्ही तसं केलं. मामांच्या हातात दुसरी गाडी ४.१ देत राहिली. मामांची गाडी त्या पोराच्या हातात ३.८. मग दीर म्हणाले, आता टायरच बदलून बघू. एका रविवारी दोन्ही गाड्यांचे दहाच्या दहा टायर उतरवून एकमेकींना घातले. पुढच्या आठ खेपांत ३.८ चा आकडा टायरांच्या मागोमाग दुसऱ्या गाडीला गेला.

मामांची माफी मी त्याच चार माणसांसमोर मागितली. मामा मनानं मोठे, ते राहिले. पण राज्यात असे किती ड्रायव्हर डिझेलचोर ठरून घरी गेले असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. हे पत्र लिहायचं पहिलं कारण ते आहे.

दुसरं कारण पैशाचं. आमची गाडी वर्षाला सत्तर हजार किलोमीटर पळते. ४.१ नं हिशेब केला तर सतरा हजार लिटरच्या थोडं वर डिझेल लागतं, ३.८ नं जवळपास साडेअठरा हजार. डिझेल नव्वद रुपये धरा, फरक सव्वा लाखाच्या घरात जातो. टायर घेताना आम्ही वाचवले होते वीस हजार. नवा टायर जुन्यापेक्षा थोडं जास्त डिझेल खातोच, त्यामुळे सगळा फरक कंपनीच्या माथी मारता येणार नाही. तो भाग वजा केला तरी हिशेब उलटाच राहतो.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. मिळेल ते वाचलं, टायरच्या कामातल्या जाणत्या लोकांना विचारलं. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

गाडी सपाट रस्त्यावर चालताना टायर तिला सतत मागे ओढत असतो. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि तो मोजतात टनामागे किलोमध्ये. ट्रकच्या बऱ्यापैकी रेडियल टायरला ही ओढ टनामागे सहा किलोच्या आसपास असते. २०१८ साली केंद्रानं ॲक्सलची वजनमर्यादा वाढवल्यापासून आपली दहाटायरी एकूण २८.५ टनांना पास होते. गुणाकार करा: १७१ किलो. आपल्या आज्या-पणज्यांनी विहिरीवरची मोट पाहिलेली आहे. तशी १७१ किलोची भरलेली मोट गाडीच्या मागे दोराला लटकलेली आहे, विहिरीला तळ नाही आणि शिरोलीपासून चाकणपर्यंत गाडी ती मोट एकसारखी वर ओढत निघाली आहे, असं समजा. टायर चांगला असेल आणि ओढ टनामागे पाच किलोवर आली तर मोटेतलं साडेअठ्ठावीस किलो वजन कमी होतं. भरल्या गाडीला हा एका किलोचा फरक शंभर किलोमीटरमागे दोन लिटरच्या आसपास पडतो.

लांब पल्ल्याच्या ट्रकच्या डिझेलचा साधारण तिसरा हिस्सा टायर फिरवण्यात जातो असं पुस्तकं सांगतात. हे आकडे बहुतेक परदेशातले, तिकडे गाड्या जोरात पळतात आणि वाऱ्याचा अडथळा मोठा असतो. आपल्या गाड्या पन्नास-साठनं चालतात आणि गच्च भरलेल्या असतात, म्हणजे आपल्याकडे टायरचा वाटा आणखी जास्त. तरी तिसराच हिस्सा धरा. सतरा हजार लिटरचा तिसरा हिस्सा म्हणजे पाच लाखांचं डिझेल, एका गाडीचं, एका वर्षाचं. दहा टायरांचा संच दोन-अडीच लाखांना येतो आणि वर्षापेक्षा जास्त टिकतो. आपण घासाघीस करतो त्या दोन-अडीच लाखांवर. पाच लाखांबद्दल दुकानात एक अक्षर कुणी काढत नाही.

हे डिझेल जातं कुठे? हायवेवरून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून बघा. ती धग डिझेलचीच आहे. भरल्या ट्रकचा टायर जमिनीला टेकतो तिथे वहीच्या पानाएवढा भाग सपाट होतो, वर गेला की पुन्हा गोल होतो. ताशी साठच्या वेगाला टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला पाच वेळा दबतो आणि सुटतो. रबर दाबायला जेवढा जोर लागतो तेवढा ते सुटताना परत देत नाही. मुलांचा रबरी चेंडू कमरेएवढ्या उंचीवरून सोडला तर तो पुन्हा कमरेपर्यंत येत नाही, तसंच. मधला जोर उष्णता होऊन जातो. टायरच्या ओढीचा बहुतेक सगळा भाग हाच आहे. रेल्वेचं पोलादी चाक असं दबत नाही, म्हणून तिथे ओढ टनामागे एक-दोन किलोच असते.

इथे कुणी म्हणेल, मग बैलगाडीला लोखंडी धाव जाऊन टायर का आले? कारण शेतातली जमीन मऊ असते. लोखंडी चाक मातीत रुततं आणि बैलांचा जोर माती दाबण्यात जातो, हवेचा टायर वजन पसरून देतो. उसाच्या टायरगाडीला एवढा बोजा ओढता येतो तो त्यामुळे. डांबरी रस्त्यावर मात्र माती दबत नाही, टायरच दबतो.

तो कमी दबावा आणि दबला तरी कमी तापावा, यासाठी टायर बनवणाऱ्यांच्या हातात बऱ्याच गोष्टी असतात. सगळ्यात मोठी आपण आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे, नायलॉन जाऊन रेडियल येणं. नायलॉन टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात आणि चाक फिरताना ते एकमेकांवर घासत राहतात. रेडियलमध्ये पोलादी तारा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि रस्त्याला लागणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टे असतात. त्यामुळे बाजू मोकळेपणानं लवते आणि वरचा भाग ताठ राहतो. मिशेलिननं याचं पेटंट १९४६ साली घेतलं होतं. आपल्या ट्रकना तो पोचायला पन्नास-साठ वर्षं लागली, कारण आपण म्हणत राहिलो की आपले रस्ते आणि आपली वजनं याला चालणार नाहीत. माझे सासरेही तेच म्हणायचे.

दुसरी गोष्ट वरच्या रबराची जाडी. रबर जितकं जाड तितकं दबायला जास्त, तापायला जास्त. जाड रबर जास्त किलोमीटर देतं हे खरंच आहे, पण त्या प्रत्येक किलोमीटरला ते डिझेल मागतं. नक्षीचंही तसंच. लग टायरचे मोठे सुटे ठोकळे रस्त्यावर एकेकटे दबतात आणि वाकतात, रिब टायरच्या सलग पट्ट्या कमी हलतात. खाणीतल्या टिपरला, चिखलातल्या गाडीला लग हवाच. पण सगळा जन्म पुणे-बेंगळुरू हायवेवर काढणाऱ्या गाडीला पुढे-मागे दहाही लग टायर घालून ठेवलेले मी पाहते, तेव्हा मला त्या मालकाच्या वहीची काळजी वाटते.

तिसरी गोष्ट आपल्याला दिसत नाही, ती म्हणजे रबराचं मिश्रण. १९९२ मध्ये मिशेलिननंच कारच्या टायरमध्ये काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरली आणि ओल्या रस्त्यावरची पकड न सोडता ओढ कमी करून दाखवली. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त असतं, तिथे हे काम अवघड जातं, पण त्यातही मिश्रणामिश्रणात मोठा फरक आहे. दोन काळे टायर दुकानात शेजारी ठेवले तर हा फरक डोळ्यांना कळत नाही, हातांनाही नाही. दुकानदारालाही नाही.

ओल्या रस्त्याचा उल्लेख आला म्हणून थांबून सांगते. ओढ, पकड आणि झीज या तिघांची आपापसात ओढाताण असते. एकीला फार ताणलं की दुसरी सुटते. जुलैमध्ये खंबाटकीचा घाट भरल्या गाडीनं उतरायचा असतो. डिझेल वाचवण्यासाठी पकड सोडलेला टायर मी माझ्या एकाही ड्रायव्हरच्या खाली घालणार नाही आणि तुम्हीही घालू नका. म्हणूनच मला दोन्ही आकडे हवे आहेत.

आणि हे आकडे अस्तित्वात आहेत! मला सगळ्यात जास्त सलतं ते हे. जून २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं अधिसूचना काढून कार, हलकी मालवाहू वाहनं आणि ट्रक-बस या तिन्ही वर्गांच्या टायरना एआयएस-१४२ हे मानक लावलं. त्यात रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि टायरचा आवाज या तिन्हींच्या मर्यादा आहेत. या ओढीची चाचणी कशी होते? टायर मोठ्या पोलादी ढोलावर ठरलेल्या वजनानं दाबून फिरवतात, खोलीचं तापमान २५ अंशांवर ठेवतात, टायर पुरेसा गरम झाला की ओढ मोजतात. शेवटी हाती एक आकडा येतो. तो आकडा कागदावर असतो, पण ज्याच्या खिशातून डिझेलचे पैसे जातात त्याच्यासमोर येत नाही. फ्रिज आणि एसीवर तारे देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं टायरलाही तारांकन सुरू केलं आहे, त्यात ट्रकचे टायरही आहेत. मी गेल्या टायरखरेदीला चार दुकानं फिरले. ट्रकच्या एकाही टायरवर मला तारे दिसले नाहीत, आणि दोन ठिकाणी तर मी काय विचारते आहे हेच समजलं नाही. युरोपात २०१२ पासून टायरची अक्षरांनी वर्गवारी होते. मे २०२१ पासूनच्या सुधारित नियमात ए ते ई अशा पाच पायऱ्या आहेत. ट्रकच्या टायरची ओढ टनामागे चार किलो किंवा त्याहून कमी असेल तर ए, सातच्या वर गेली तर ई. दहाटायरीच्या मोटेत हा फरक ऐंशी किलोंहून जास्त होतो.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती इथे आहे. आपण टोलसाठी, भाडेवाढीसाठी, डिझेलच्या करासाठी चक्का जाम करतो. ते करावंच लागतं. पण एकदा सगळ्यांनी मिळून टायर कंपन्यांना एवढंच लिहा की टनामागे किती किलो हा आकडा आणि ओल्या पकडीचा आकडा बिलावर छापल्याशिवाय आमचे सभासद टायर घेणार नाहीत. पाच गाड्यांच्या बाईला कंपनी उत्तर देत नाही, मी लिहून पाहिलं आहे. पाच हजार गाड्यांच्या पत्राला द्यावं लागेल. तारे ट्रकच्या प्रत्येक टायरवर, दुकानात दिसतील असे हवेत, हे मंत्रालयाकडे आणि ब्युरोकडे मागा. आणि रिमोल्डला विसरू नका. आपले निम्मे किलोमीटर रिमोल्डवर होतात. चांगल्या केसिंगवर, म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर, नवं रबर चढवून टायर पुन्हा वापरणं यात पैसाही वाचतो आणि रबरही, मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही. पण वर चढवलेल्या रबराचं मिश्रण कसलं आहे, ते किती तापतं, याचा आकडा तिथेही मागितला पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातलं एक काम मात्र उद्या सकाळी करता येतं, ते म्हणजे हवा. क्लीनर टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकतो, आवाज ऐकतो आणि म्हणतो बरोबर आहे. मी एकदा आमच्या पाचही गाड्यांचे टायर ठोकून घेतले आणि मग गेज लावलं. आमच्या गाड्यांना १२० पौंड लागतात. ठोकून "बरोबर" ठरलेल्यांत ९० पौंडांचेही टायर निघाले, आणि त्यातले बहुतेक जोडीतले आतले. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून कुणी बघतच नाही. जोडीतल्या एकाची हवा कमी झाली की त्याचा बोजा दुसऱ्यावर जातो, कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि डिझेल खातो. आतल्या व्हॉल्व्हला बसवायची लांब नळी स्वस्तात मिळते. आम्ही सगळ्या गाड्यांना बसवली.

आणि हात जोडून सांगते, उन्हाळ्यात हवा कमी भरू नका. टायर तापला की दाब वाढतो, म्हणून आधीच थोडी हवा काढून ठेवायची, ही समजूत आपल्यात घट्ट बसली आहे. घडतं नेमकं उलट. कमी हवेचा टायर जास्त दबतो, म्हणून आणखी तापतो, आणि फुटणारे टायर मोठ्या संख्येनं असेच असतात. समृद्धीवरचे अपघात आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. हवा टायर थंड असताना तपासायची, पहाटे गाडी निघण्याआधी. धाब्यावर गरम टायरची हवा सोडायची नाही.

अलाइनमेंटबद्दल एकच गोष्ट. पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं, तर चाक सरळ न चालता किंचित तिरकं घासत चाललं आहे. ते घासणंही डिझेलवरच चालतं.

वही कशी ठेवायची असं काही जणांनी फोनवर विचारलं होतं. माझ्या वहीत प्रत्येक गाडीला एक पान आहे. खेपेची तारीख, वजनकाट्यावरचं वजन, किलोमीटर, टाकी फुल्ल करून भरलेलं डिझेल आणि ड्रायव्हर. त्याच पानाच्या उजव्या बाजूला टायर: कुठल्या जागी कुठला, कधी चढवला, खाच किती मिलिमीटर उरली, थंड असतानाची हवा किती. टायरचा रकाना डिझेलच्या रकान्याशेजारी आला तेव्हापासून मला बऱ्याच गोष्टी आपोआप दिसायला लागल्या. संघटनेनं अशा वह्या छापून सभासदांना दिल्या आणि वर्षानं सगळ्यांची पानं एकत्र मांडली, तर कुठला टायर कुठल्या रस्त्यावर किती डिझेल खातो हे आपलं आपल्यालाच कळेल. तो आकडा मग कुणी लपवू शकणार नाही. छपाईचा खर्च जास्त वाटत असेल तर पहिल्या शंभर वह्यांचा मी करते.

मामांची गाडी आता पुन्हा ४.१ देते. ते चिवट टायर आम्ही फेकले नाहीत, गावातल्या गावात स्क्रॅप ओढणाऱ्या गाडीला घातले. तिथे किलोमीटर कमी पडतात.

कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर रविवारी सकाळी आठच्या आत आमच्या शेडवर या. शनिवार रात्रीपासून गाड्या उभ्या असतात, टायर थंड असतात. गेज आणि वही दोन्ही टेबलावर ठेवते, आणि मामाही असतात.

आपली नम्र,
एक मालवाहतूकदार भगिनी
शिरोली, जि. कोल्हापूर